वैद्याला शस्त्र वर्ज्य

सहा वर्षांत मी एकही राक्षस मारला नाही. माझ्या डोळ्यांदेखत एक्क्याण्णव मेले. कोणी भाल्याने मेला, कोणी आगीत, एकाला तर काकूंनी विहिरीत ढकलला. मी काय केलं? मलम लावलं. मारणाऱ्यांना लावलं, मरता मरता वाचलेल्यांना लावलं, एकदा चुकून राक्षसालाही लावलं. तेव्हा सगळे माझ्यावर खेकसले.

हा खेळ आहे. आम्ही तो दवाखान्याच्या धुलाईघरात जेवणाच्या सुट्टीत खेळतो, सोमवारी आणि गुरुवारी. डबा दहा मिनिटांत संपवायचा आणि उरलेल्या अर्ध्या तासात चादरी घडी करायच्या लांब टेबलावर बसायचं. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. तुम्ही म्हणायचं, मी दार फोडते. मग वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर दार फुटलं, छोटा आला तर खांदा. एवढंच. पण पहिल्या दिवशी प्रत्येकाला एक वर्ग घ्यावा लागतो. योद्धा, जादूगार, चोर, वैद्य. तो घेतला की घेतला. त्या वर्गाला जे येतं तेवढंच करायचं, मरेपर्यंत.

गोष्ट सांगतो मुकादम. तो माझा सख्खा धाकटा भाऊ. त्याच्या बुटाच्या नाड्या मी तिसरीपर्यंत बांधल्या, आता तो माझी हजेरी मांडतो. हे नियमांचं पुस्तक त्यानेच रद्दीतून आणलं. पुढची चाळीस पानं गायब, तरी छातीशी धरून बसतो. पहिल्या दिवशी बॉयलरवाले मामा म्हणाले, मी योद्धा. मामांचं वजन ओल्या टॉवेलाएवढं, झुरळ दिसलं तर ट्रॉलीवर चढतात. पण म्हणाले योद्धा, झाले योद्धा. मळके कपडे निवडणाऱ्या काकू जादूगार झाल्या. इस्त्रीच्या रोलरवरची वहिनी, म्हणजे भावाची बायको, चोर झाली. मी तोंड उघडणार तेवढ्यात भाऊ म्हणाला, "ताई, तू वैद्य हो. तुला जमतं ते."

तुला जमतं ते. घरात कोणाला ताप आला की हेच. आईचे गुडघे, बाबांचं पथ्य, ह्याच्या पोरांचे कांजिण्यांचे फोड. दिवसभर आजाऱ्यांच्या चादरी घडी करायच्या आणि सुट्टीत, खोट्या जगात, खोट्या माणसांना खोटं मलम लावायचं. ज्याने हे पुस्तक लिहिलं तो मला भेटला तर त्याला मी आमच्या पिळणाऱ्या यंत्रात घालीन आणि मोठं बटण दाबीन.

गेल्या सोमवारी एका पुलाखालच्या राक्षसाशी गाठ पडली. मामांनी त्याला भोसकला, काकूंनी भाजला, त्याचे दोन जीव उरले. मामा खाली पडले होते. वहिनी कुलूप उघडत बसली होती, कारण चोराला दुसरं काही येत नाही. माझी पाळी आली. माझ्या पायाशी मामांची तलवार पडलेली.

"तलवार उचलते आणि हाणते," मी म्हणाले.

"नाही उचलता येत," भाऊ म्हणाला. "वैद्याला शस्त्र वर्ज्य."

"का? हात नाहीत का मला?"

"हात आहेत. पण ते मलमाचे आहेत."

"अरे, मी दोन किलोचा भोपळा एका घावात कापते. तुझ्याच घरात कापते."

"तो भोपळा आहे, ताई. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय."

"चाळीस पानं गायब असलेल्या पुस्तकात?"

"हे पान आहे," तो म्हणाला आणि दाखवलं.

मी म्हणाले, ठीक आहे. मग आजपासून मलम बंद. मला तलवार मिळेपर्यंत मामा पडू देत तसेच.

त्यावर भोंगा वाजला आणि आम्ही कामाला लागलो.

मंगळवार, बुधवार मामा माझ्यावर रुसलेले. बॉयलरच्या खोलीतून वाफेचा पाइप तपासायला आले तर एक पाय ओढत. मी विचारलं, मामा, पाय दुखतोय का? म्हणाले, "पुलाखाली पडलोय सोमवारपासून. रक्त वाहतंय. आपल्याला काय त्याचं?" आणि लंगडत गेले. बुधवारी दुपारी वाफ कमी पडली तेव्हा त्यांना हाक मारली, तर आतून आवाज आला, "मेलेल्या माणसाला हाका मारू नयेत."

गुरुवारी डबे बाजूला झाल्यावर मी सरळ सांगितलं. हे वर्ग काढून टाका. ज्याला जे करायचं ते करू दे.

"नाही काढता येत," भाऊ म्हणाला. "पक्क्या शाईत आहेत."

हे मात्र खरं होतं, आणि हा मूर्खपणा आमचाच. सुरुवातीला आम्ही प्रत्येकाच्या पात्राची माहिती कागदावर लिहिली होती, पण इथल्या वाफेने दोन दिवसांत कागदाचा लगदा झाला. म्हणून मग बाद झालेले उशीचे अभ्रे घेतले. किती जीव उरले, काय शिकलो ते पेन्सिलीने लिहिलं आणि वर्ग लिहिला कपड्यांवर खुणा करायच्या शाईने. ती शाई उकळत्या पाण्यात दहा वर्षं टिकते. आम्हाला वाटलं, काय हुशारी केली.

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. त्या ह्या धुलाईघरात भिंती उभ्या राहिल्या तेव्हापासून आहेत. "ह्या खोलीत मला न घालवता आलेला डाग एकच," त्या म्हणाल्या, "आणि तो मुकादम होऊन बसलाय. आधी मतं घे. शाईचं मी बघते."

"काकू, तुम्हाला जादूगार होणं नकोसं झालं?"

"जादू बरी आहे रे. पण तुझ्या पुस्तकात जादूगाराला पोतं उचलता येत नाही. मी सकाळपासून अकरा गाठोडी उचलली आणि इथे येऊन बसले की एक पोतं उचलायला मला मामा लागतात. मामा. बघ त्यांच्याकडे."

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. मामा भिंतीला टेकून रक्तबंबाळ बसले होते.

वहिनी भावाकडे वळून म्हणाली, माझंही मत तेच, काढूनच टाका. "तुम्ही घरी जाऊन सासूबाईंना सांगितलंत की मी खेळात चोर आहे. तेव्हापासून घरात चमचा सापडला नाही की त्या आधी माझ्या पिशवीकडे बघतात."

"तो चमचा तुझ्या पिशवीतच सापडला होता," मी म्हणाले.

"डब्याचा होता तो, वन्सं. डब्याला चमचा लागतो."

राहिले मामा. ते म्हणाले, "माझं मत नाही. काढू नका." आणि लंगडणं विसरून उठून उभे राहिले. "मी घरी गेलो की बायको म्हणते सरका. रस्त्यात सायकलवाले म्हणतात सरका. इथे मी योद्धा आहे. तुम्ही तिघीजणी माझ्या मागे उभ्या राहता. उद्या सगळ्यांच्या हातात तलवार आली, तर मग मी कोण?"

"मामा, तुमची तलवार कोणी काढून घेत नाहीये," मी म्हणाले.

"सगळ्यांकडे असली की तलवारीचा चमचा होतो, ताई."

माणूस खरं बोलत होता. पण सहा वर्षं मीही खरीच होते आणि तेव्हा कोणी थांबलं नव्हतं. तीन विरुद्ध एक. वर्ग गेले.

काकूंनी कपाटातून एक तपकिरी बाटली काढली, बोळा भिजवला आणि चारही अभ्र्यांवरची शाई घासली. शाई गेली. कापडही गेलं. जिथे योद्धा, जादूगार, चोर, वैद्य लिहिलं होतं तिथे चार भोकं पडली. काकू म्हणाल्या, डाग गेला ना, मग झालं.

भावाने नवा नियम केला. प्रत्येकाला तीस गुण. तलवार, जादू, कुलपं, उपचार, काहीही शिका, हवे तितके गुण हव्या त्या विद्येवर लावा. पण एकमेकांना दाखवायचं नाही, घरून लिहून आणायचं. नाहीतर वहिनी माझं बघून लिहिते.

सोमवारी पुन्हा तोच पूल. भाऊ नवे आकडे वाचायला लागला आणि त्याचा चेहरा पडत गेला. मी तीसच्या तीस गुण तलवारीवर लावले होते. वहिनीने वीस तलवारीवर, दहा जादूवर. काकूंनी पंधरा ताकदीवर, पंधरा तलवारीवर.

"उपचार कोणीच घेतला नाही?" त्याने विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"मी घेतला," मामा म्हणाले. "तीसच्या तीस."

"मामा, तुम्ही? तलवार?"

"आठवडाभर पडून होतो पुलाखाली," मामा म्हणाले. "विचार करायला वेळ मिळाला. एकाच्याही मनात आलं नाही की जाऊन निदान पाणी पाजावं. योद्धे काय, पैशाला पासरी." मग त्यांनी स्वतःवरच फासा टाकला, स्वतःलाच बरं केलं आणि बाह्या दुमडल्या.

पुढे जे झालं ते सांगायला लाज वाटते. राक्षस मागे सरकलेला, आणि त्याच्यापर्यंत जायचा बोळ अरुंद. आम्ही तिघी तलवारी उपसून एकदम घुसलो आणि अडकलो. काकू मध्ये, मी डावीकडे, वहिनी उजवीकडे. मागून मामा ओरडत होते, एकेक, एकेक. राक्षस समोर उभा राहून बघत होता. भाऊ म्हणाला, तो हसतोय. मी म्हणाले, तू हसतोयस. तो म्हणाला, दोघंही.

वहिनीने जादू केली आणि काकूंचा पदर पेटला. काकूंनी तलवार फिरवली, ती वहिनीच्या कोपराला लागली. "मुद्दाम," वहिनी म्हणाली. "पदर काय आपोआप पेटला?" काकू म्हणाल्या. मामा दोघींच्या मध्ये पट्ट्या घेऊन घुसले.

आणि मी. मला राक्षसाला लागायला फक्त पाच हवे होते. विसात पाच. आंधळ्यालाही पडतात. मला तीन पडले. मग चार. मग दोन. मग एक, आणि एक पडला की आपल्याच पायात अडकून पडायचं असतं. मी पडले आणि राक्षस माझ्यावर बसला. माझे जीव शून्य झाले.

भावाने पेन्सिल खाली ठेवली. "ताई, तीन डाव. तेवढ्यात कोणी उठवलं नाही तर मेलीस. सहा वर्षांची मेलीस."

मामांनी फासा टाकला. अठरा. राक्षसाच्या मांडीखालून हात घालून त्यांनी माझी मान वर केली आणि सांगू लागले की आधी जखम धुवायची, मग पट्टी, आणि पट्टी वरून खाली गुंडाळायची.

"खालून वर," मी म्हणाले.

"तुम्ही पडून राहा."

"मामा, रक्त पायात साचेल."

"ताई, तुमची तलवार तुम्ही बघा, माझा पेशंट मी बघतो. बोललात तर जास्त घट्ट बांधीन."

मी गप्प पडले. सांगते खरं, मला असं कोणी गप्प बसवून पट्टी बांधलेली आठवत नाही. चुकीची बांधली, पण बांधली. माझा एक जीव परत आला.

भोंग्याला दोन मिनिटं उरली होती. भाऊ पुढे वाकला आणि हळू बोलला, लहानपणी काही फोडलं की बोलायचा तसा. "ताई, एका जिवावर उठलीस तर पुढच्या फटक्यात जाशील. ऐक माझं. सगळं मागे घेतो. तू परत वैद्य, मामा योद्धा, आणि हा राक्षस मेला असं धरू. कोणाचंच काही बिघडणार नाही. तुला जमतं ते."

वहिनी पदराने वारा घेत होती. मामा खाली मान घालून पट्टीची गाठ मारत होते, हातात काहीच नसताना.

"जमतं म्हणूनच नको," मी म्हणाले. "ऊठ म्हणाव त्याला माझ्या अंगावरून. मी हाणतेय."

फासा टाकला. टेबलावरून घरंगळत धुतलेल्या अभ्र्यांच्या ढिगाला लागून थांबला. सहा.

"लागला," भाऊ म्हणाला. त्याचाच विश्वास बसत नव्हता. "किती लागला ते बघ. छोटा फासा."

छोट्या फाशावर एक पडला. याहून कमी पडतच नाही.

त्याने पेन्सिल उचलली, अभ्र्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "दोनातला एक जीव गेला. तू खाली पडलेली, तो तुझ्यावर बसलेला, म्हणजे तलवार पोचते कुठे..." तो बोटांनी हवेत मोजमाप घेत राहिला. "अंगठा. डाव्या पायाचा. अंगठा तोडलास तू त्याचा."

"आणि तो?"

"बोंबलत पळाला. जंगलात. एका जिवावर."

"म्हणजे मेला नाही."

"नाही मेला."

भोंगा वाजला. मामा म्हणाले, मी त्याच्या मागे जातो, त्याचं रक्त थांबवायला हवं. काकू म्हणाल्या, जाल तर तुमची तंगडी मोडीन, आता मोडता येते मला. भाऊ पुस्तक छातीशी धरून उठला आणि येत्या गुरुवारी नवं काहीतरी ठरवू असं पुटपुटत गेला.

वॉर्डातल्या ओल्या चादरींची पहिली ट्रॉली आत आली. वहिनीने रोलर सुरू केला, गरम चादर माझ्याकडे सरकवली. मी दोन टोकं धरली, तिने दोन धरली.

"राक्षसाच्या पायांना बोटं किती असतात गं?" मी विचारलं.

"आता नऊ," वहिनी म्हणाली. "नीट ताणा, वन्सं, सुरकुती पडतेय."