चौकातली दहा मिनिटं

मी भवानी पेठेतल्या चौकातलं जुनं घड्याळ बोलतोय. आधीच सांगून टाकतो, मी दहा मिनिटं पुढे आहे. बिघडलेला नाही, मुद्दाम तसा ठेवलेला आहे.

मला उभं केलं शिवप्पा फिटरनं. तो गिरणीत कामाला होता. माझी चाकं बाहेरून आली, पण रोज दुपारी बाराला मी जो खेळ दाखवतो, तो सगळा त्याच्या डोक्यातला. तबकडीखालचं दार उघडतं, मागावर बसलेला लाकडी विणकर बाहेर येतो आणि धोटा इकडून तिकडे फेकतो. एका फेकीला एक टोला. बाराव्या टोल्याला त्याची बायको उठून पत्र्याची चादर झटकते, आणि चौकातली सगळी कबुतरं घाबरून उडतात. रोज तोच आवाज, तरी रोज उडतात. इतक्या वर्षांत एकालाही शहाणपण आलेलं नाही.

त्या काळी भोंगा वाजला की गिरणीचं फाटक बंद व्हायचं. उशीर झालेली माणसं मान खाली घालून घरी परतायची. शिवप्पाला ते बघवेना. एका सकाळी त्यानं गुपचूप माझे काटे दहा मिनिटं पुढे सरकवले. आठवड्याभरात सगळ्या पेठेला कळलं, पण कुणी तक्रार केली नाही. माझ्याकडे बघायचं आणि मनात दहा वजा करायचे, ही सवयच लागली. गिरण्या बंद पडल्या, सवय राहिली. शिवप्पाचा नातू वीरभद्रप्पा आजही दर सोमवारी एकेचाळीस पायऱ्या चढून मला चावी देतो. गुडघ्यांना शिव्या देतो, मला कधीच नाही.

पंचाईत व्हायची ती पाहुण्यांची. लांबून खेळ बघायला यायचे, मोबाईलमध्ये बारा वाजताना पोचायचे, आणि तोवर माझा विणकर आत जाऊन दहा मिनिटं झालेली. मग ते वर बघून हसायचे. "चुकतंय की घड्याळ." वीरभद्रप्पा खाली मान घालून उभा राही.

गेल्या वर्षी माझ्या वजनाची दोरी तुटली आणि मी आठ महिने बंद पडलो. पेठेतली माणसं तरी जाता-येता वर बघतच होती. शेवटी त्यांनीच धावपळ करून पुण्याहून इंद्रायणीला आणलं. जुनी घड्याळं दुरुस्त करणं हेच तिचं काम. पंधरा दिवस ती माझ्या पोटात बसून होती. तिनं पुसलेलं एकेक दातेरी चाक मला आजही हलकं वाटतं.

शेवटच्या संध्याकाळी तिनं विचारलं, "अप्पा, वेळ बरोबर लावू ना?"

तिला दहा मिनिटांची गोष्ट सांगायची वीरभद्रप्पाला लाज वाटली. शिकली-सवरलेली बाई, काय म्हणेल? तो म्हणाला, "लावा की." शिवप्पानं काटे सरकवल्यापासून पहिल्यांदाच मी खरी वेळ दाखवू लागलो. पेठेत पेढे वाटले. काटे बदललेत हे मात्र कुणालाच सांगितलं गेलं नाही.

समोरच्या चाळीत मीनाबाई राहते. टॉवेलच्या कारखान्यात शिलाई करून तिनं लेकीला, साक्षीला, बी.एड. केलं. दुसऱ्या दिवशी दहा वाजता बार्शीच्या शाळेत साक्षीची मुलाखत होती. एसटी साडेसातची. साक्षीनं खिडकीतून माझ्याकडे पाहिलं, सवयीनं दहा वजा केले आणि निवांत चहा घेतला. स्टँडवर पोचली तेव्हा गाडी निघून गेली होती. पुढची तासाभरानं, म्हणजे मुलाखत हुकणार. रिक्षानं ती परत आली आणि माझ्याच खाली रडत उभी राहिली. मी खरं बोललो आणि पोरीचं नुकसान केलं. इतकं वाईट मला आठ महिने बंद असतानाही वाटलं नव्हतं.

इंद्रायणी माझं चालणं तपासायला खाली उभी होती. वीरभद्रप्पा धावत आला. "चुकी माजी हाय ताई. तुमाला सांगाया पायजे हुतं." त्यानं सगळं सांगितलं. इंद्रायणीनं सगळं ऐकून घ्यायच्या आधीच गाडीची किल्ली काढली होती. दहाला पाच कमी असताना साक्षी शाळेच्या दारात होती.

संध्याकाळी इंद्रायणी मीनाबाईला म्हणाली, "सगळे दहा वजाच करतात, तर पुढे ठेवून उपयोग काय?"

"शांतपनी असलो तर वजा करतो की," मीनाबाई म्हणाली. "घाईत ध्यानात ऱ्हात न्हाय. तवा पळत सुटतो, आन गाडी घावती."

इंद्रायणी खूप हसली. मग पुन्हा एकेचाळीस पायऱ्या चढली. माझे काटे तिनं दहा मिनिटं पुढे केले, आणि खेळाचा खटका तेवढाच मागे घेतला. आता माझ्या काट्यांवर बारा वाजून दहा मिनिटं झाली की बाराचे टोले पडतात. असं वेडं घड्याळ तुम्हाला दुसरीकडे मिळायचं नाही. पेठेला तिची दहा मिनिटं राहिली आणि पाहुण्यांना खेळ मिळाला.

या माणसांचे उपकार मी कुठे फेडू? वेळ तर आता प्रत्येकाच्या खिशात आहे. तरी ती वर बघतात, मला तेल घालतात, माझ्यासाठी गुडघे झिजवतात. एवढीच विनंती, मला कुणी पुन्हा बरोबर करू नका.

साक्षीला नोकरी लागली. मागच्या आठवड्यात ती शाळेची चाळीस मुलं घेऊन खेळ बघायला आली. मुलं चौकात शिरली तेव्हा माझ्यावर बारा वाजून आठ मिनिटं झाली होती. दोन वेण्यांची एक मुलगी वर बघून रडकुंडीला आली. "बाई, संपला की ओ खेळ."

साक्षीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "न्हाय संपला. थांब, आपल्यासाठी थांबलंय ते."

चाळीस तोंडं वर झाली. मला बोलता येत नाही, नाहीतर त्या पोरीला खूप काही सांगितलं असतं. दोन मिनिटं मी वाट पाहिली, आणि पहिला टोला दिला.