उतारावर बंद केलेली पाणबुडी

निर्मलाबाईंनी सत्तावन्न वर्षांत एकही गाडी चालवली नव्हती. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून रनाळ्याचं सगळं शिवार पाहिलं, पण स्टिअरिंग नवऱ्याचं, सुकलालांचं. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी दोन महिने घरी बसवलं, आणि सून ममताने आपल्या कॉम्प्युटरवर समुद्राचा एक गेम लावून कंट्रोलर सासूच्या हातात दिला.

परक्या ग्रहावरचा समुद्र. तळाशी सापडेल ते वेचायचं, त्यातून गाडी बनवायची, तिला नवे भाग बसवायचे आणि आणखी खोल जायचं. ममताने पहिल्याच दिवशी गडबडीत ‘एकच जीव’ हा प्रकार निवडला. मेलात की सगळं पुसलं, गाडीसुद्धा. निर्मलाबाई अडतीस दिवस मेल्या नव्हत्या. धातूचा कण न् कण वेचून त्यांनी एका माणसापुरती पिवळी पाणबुडी बनवली होती. ती पुसली जाईल या विचाराने त्यांना घास उतरत नसे.

सुकलाल पहिल्या आठवड्यात दारात उभे राहून हसले. दुसऱ्या आठवड्यात खुर्ची दारात आली. चौथ्यात ती पडद्यापासून दीड हातावर होती, आणि तरी ते म्हणत, “मी पंख्यासाठी बसेल शे.”

अडचण एकच. पाणबुडीला दोनशे मीटरच्या खाली झेपत नव्हतं. जाड कवच बसवलं तर तीनशेपर्यंत जाता येणार; पण कवचाला लागणारे निळे दगड दोनशेच्या खालीच. चावी कपाटात आणि कपाटाला कुलूप! ममताने तोडगा काढला, गाडी एकशे नव्वदवर उभी करायची, बाहेर पडून दम धरून पोहत जायचं, दगड उचलून परत यायचं.

“आणि आई, एक कोठी काढा ना,” ममता म्हणाली.

नवे भाग बसवायला गाडीत दोनच खाचा, आणि निर्मलाबाईंनी दोन्हींत सामानाच्या कोठ्या बसवल्या होत्या. त्यांत बावीस खारवलेले मासे, पितळ, काचा आणि ‘लागलं तर’ म्हणून घेतलेली पोवळ्यांची मोळी.

“ऱ्हाऊ दे,” सुकलाल म्हणाले. “भरेल गाडी बरी.”

कोठ्या राहिल्या. दुपारी तीनला गाडी निघाली. शंभर, दीडशे. पुढे उतार लागला, बॅटरी अर्ध्यावर आली, आणि सुकलालांच्या आतला ट्रॅक्टरवाला जागा झाला. तोरणमाळच्या घाटात आयुष्यभर त्यांनी डिझेल असंच वाचवलं होतं.

“आते उतार शे. बंद कर! बॅटरी कसाले जाळस?”

निर्मलाबाईंनी बंद केली. चाळीस वर्षं ऐकायची सवय.

पाण्यात ब्रेक नसतो. एकशे नव्वद गेले, दोनशे गेले, भरलेल्या कोठ्यांनी गाडी नाक खाली करून सुटली. दोनशे सत्तावीसवर ती धप्पकन एका कपारीत बसली आणि काच कडकड वाजू लागली.

“माय वं!” निर्मलाबाई ओरडल्या. “ममता, चालू करू?”

“थांबा! हात लावू नका!”

वरून बसएवढा लांब, दातांचा साप येत होता. इंजिनाच्या आवाजावर तो धावून येतो, हे ममताने कुठेतरी वाचलं होतं. गाडी बंद होती. साप काचेवरून गेला, शेपटी हलवली, वळला, पुन्हा आला. पाण्याच्या दाबाने गाडीचं जुनं कवच खचत होतं: साठ टक्के, पन्नास, चव्वेचाळीस.

“आते तरी चालू कर,” सुकलाल कुजबुजले.

“चूप बसा,” निर्मलाबाई म्हणाल्या. “गाडी मन्ही शे.”

सुकलालांनी खुर्ची वीतभर मागे ओढली.

साप अंधारात गेला तेव्हा कवच एकतीसवर होतं. आणि तेव्हा ममताला दिसलं, कपार सगळी निळी होती. निर्मलाबाईंनी दम धरून बाहेर उडी टाकली, सहा दगड उचलले, आत आल्या, इंजिन चालू केलं. गाडी हलली, पण वर उठेना.

“जड झाली,” ममता म्हणाली. “कोठ्या रिकाम्या करा.”

“मासा तरी ठेव!” सुकलाल कळवळले. “मीठ लायेल शे त्यास्ले!”

निर्मलाबाईंनी मासे टाकले. पितळ टाकलं, काचा टाकल्या. पोवळ्यांवर अंगठा क्षणभर थांबला, तीही गेली. गाडी बुडबुड्यासारखी वर सुटली. एकशे नव्वदला कवच सहा टक्के होतं. ममता पलंगावर उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि शेजारच्या शांतीबाई काय झालं म्हणून पोळपाट हातात घेऊनच आल्या.

नवं जाड कवच बसलं ते एक कोठी काढून. दुसरी कोठी निर्मलाबाईंनी स्वतःहून काढली, तिथे दिवे लावले.

संध्याकाळी पारावर सुकलाल सांगत होते, “आम्ही ठरवूनच बंद केली. आवाज नको ना.” निर्मलाबाईंच्या कानावर आलं. त्यांनी ते खोडलं नाही. दुसऱ्या दिवशी तीनला मात्र खाली निघताना त्या एवढंच म्हणाल्या, “आज उतार मी सांगसू.”

दोनशे ऐंशीवर दिवे लागले आणि समोर निळ्या झाडांचं अख्खं रान उभं राहिलं. निर्मलाबाई सावकाश त्यात शिरल्या. खुर्चीत सुकलालांचा उजवा पाय फरशी ब्रेकसारखी घट्ट दाबत होता.