आप्पांचा ऑफ

खोकल्याच्या औषधाच्या कारखान्यात ताई लेबलं तपासायच्या कामावर होती. पट्ट्यावरून बाटल्या येत राहायच्या, वाकडं लेबल दिसलं की बाटली बाजूला काढायची. तिथे सगळ्यांच्या तोंडी एकच इंग्रजी शब्द असायचा. पट्टा अडकला की "ऑफ कर, ऑफ कर" अशी ओरड. साहेबांचा मूड ऑफ असला की सगळ्या चिडीचूप. आणि आठवड्याचा ऑफ कुणाला कधी, यावरून बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्याच काय त्या बाकी.

तिचे वडील, आप्पा, एका गोदामावर वॉचमन होते. त्यांच्या वाट्याला ऑफ क्वचितच यायचा. बदली माणूस आला तर ऑफ, आणि तो काही यायचा नाही. "माझा ऑफ आला की नेमकं त्याचं पोट दुखतं," आप्पा म्हणायचे.

एकदा दुपारी कारकुनाने तिला फोनवर बोलावलं. फोन शेडच्या दाराशीच, पट्ट्याचा खडखडाट कानात. पलीकडे धाकटा भाऊ होता.

"ताई, आप्पा ऑफ झाले."

"काय? मोठ्याने बोल, काही ऐकू येत नाही."

"आप्पा. ऑफ."

"मिळाला का एकदाचा? बरं झालं बाई. आता उठवू नका त्यांना. झोपू दे निवांत."

तिने फोन कानाला आणखी घट्ट लावला. मग भाऊ म्हणाला, "हो. झोपलेत. तू ये जरा घरी."

"सुटले की येते. काही आणू का?"

"नको."

जेवणाच्या सुट्टीत ताईने डबा खाल्ला, शेजारणीच्या डब्यातली भाजीही घेतली. आप्पांना ऑफ मिळाल्याचं सांगितल्यावर शेजारीण म्हणाली, "आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?" दोघी हसल्या.

संध्याकाळी ती माहेरी पोचली तेव्हा दाराबाहेर चपलांचा ढीग होता आणि जिन्यात बदली माणूस उभा होता, अंगात वॉचमनचा शर्ट.

"तुम्ही इकडे?" ताई म्हणाली. "मग गोदामावर कोण?"

तो भिंतीकडे बघत राहिला. "तिथेच झालं, ताई. गेटपाशी. उभ्या उभ्या कोसळले. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं."

मग तिला फोनवरचा शब्द कळला. कळला, एवढंच. आत आप्पा चादरीखाली होते. एका पायाचा अंगठा बाहेर आला होता, तो तिने झाकला. आत्या तिला पोटाशी धरून म्हणाली, "रड गं बाई, मोकळी हो." ताईने मान हलवली आणि किती माणसांना पाणी द्यायचं ते मोजायला लागली.

स्मशानातलं सगळं उरकून घरी परतल्यावर भाऊ तिच्याशेजारी येऊन बसला.

"गेले म्हणायला जीभ रेटेना," तो म्हणाला. "वारले तर त्याहून अवघड. ऑफ म्हटलं तर जरा हलकं वाटलं. मग तूच म्हणालीस, झोपू दे. पुन्हा सांगायचं माझ्याने झालं नाही."

"मी जेवले रे."

"जेवलीस ते बरं केलंस."

"हसलेसुद्धा."

ताईला वाईट वाटत होतं असं नाही. हात बराच वेळ अंगाखाली दबला की बधिर होतो, तसं सगळं अंग झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं आप्पांचं सामान आणायला गोदामावर गेली. एक बॅटरी, एक स्वेटर, पाण्याची बाटली. भावाने सगळं पिशवीत भरलं. गेटच्या आत आप्पांची प्लास्टिकची खुर्ची होती. ताई तिच्यावर बसली. तिथून समोरची भिंत दिसत होती आणि माल उतरवणारा एक ट्रक.

"निघायचं का?" भावाने विचारलं.

"थांब जरा."

भाऊ पिशवी घेऊन उभा राहिला. हमाल खोकी उतरवत होते, ताई बघत होती. पाय दुखताहेत, एवढंच तिला जाणवत होतं. ट्रक रिकामा झाला, गेट उघडलं, तो बाहेर गेला. मग ती उठली.