बिननावाची व्हॅन

मित्रांनो, गाडीला मैल विचारू नयेत, तरी मी आपणहून सांगते, दीड लाख झाले. बारा माणसं पोटात घेणारी मी एक जुनी व्हॅन आहे. जन्म अमेरिकेत, मिसूरीतल्या एका कारखान्यातला, पण माझ्यावर संस्कार झाले ते शॉमबर्ग गावच्या मनोहरकाका आणि रत्नाकाकू पेंढारकरांच्या घरी.

काकूंनी मला भजनी मंडळासाठी घेतलं आणि जुंपलं भलत्याच कामाला. पुण्या-नागपुराहून शिकायला आलेल्या पोरापोरींना विमानतळावरून आणायचं, ते काकूंनीच. थंडीचा कोट नसलेली मुलगी दिसली की त्या आधी स्वतःचा कोट तिच्या अंगावर घालत आणि मग तिचं नाव विचारत. लोक म्हणत, ‘‘पेंढारकरांची व्हॅन म्हणजे माहेरची गाडी.’’ मी हवेतच असे.

मग काकू गेल्या. काकांना माझ्याकडे बघवेना. दोन हिवाळे मी घरासमोर बर्फाखाली पडून होते. बॅटरी मेली, मागची सीट उंदरांनी कुरतडली. मला फार वाईट वाटे.

मला तिथून उठवलं हिमानीने. काकूंनी विमानतळावरून आणलेल्यांपैकीच ही नागपूरची मुलगी. विस्कॉन्सिनमध्ये सोशल वर्क शिकता शिकता एका निवारागृहात काम करत होती. अमेरिकेच्या मूळ रहिवासी जमातींतल्या, घरच्या मारहाणीतून जीव वाचवून निघालेल्या बायका तिथे राहतात. ते घर कुठे आहे, हे कोणालाच सांगत नाहीत. काकांनासुद्धा नाही.

‘‘काका, तुमची व्हॅन तशीच उभी आहे ना? आमच्या शेल्टरला डोनेट करता का?’’ हिमानीने विचारलं.

काकांनी दिली. पण देण्याआधी माझ्या दोन्ही अंगांवर हातभर अक्षरं चिकटवून घेतली, ‘कै. सौ. रत्ना मनोहर पेंढारकर यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट’. आपल्याकडे देवळातल्या पंख्याच्या पात्यावरसुद्धा देणाऱ्याचं नाव असतं, मी तर अख्खी व्हॅन. हिमानीला ते खटकलं होतं. पण काकांचा चेहरा पाहून तिची जीभ रेटेना. ‘इथे मराठी वाचतंय कोण,’ अशी तिने स्वतःची समजूत घातली. आणि मी? खोटं कशाला बोलू, मी नव्या नवरीसारखी मिरवत होते.

निवारागृहातले सगळे कार्यक्रम व्हर्ना आखते. ती स्वतः ओजिब्वे जमातीची, बोलायला थोडकी, कामाला वाघ. मंगळवारी मणीकाम, गुरुवारी दवाखाना आणि कोर्ट, शनिवारी म्हाताऱ्या बायकांकडे गाणी शिकायला. तिचं म्हणणं असं, की लपून जीव वाचतो, पण बाई पुन्हा उभी राहते ती चार बायकांत मिसळल्यावर.

शार्लीन मात्र मिसळत नव्हती. सहा वर्षांच्या मुलीला घेऊन जूनमध्ये आली, ती तीन महिने उंबऱ्याबाहेर पडली नाही. ऑगस्ट संपता संपता तळ्यातला रानतांदूळ पिकतो. होडीतून जायचं, दोन काठ्यांनी लोंब्या वाकवून झोडायच्या आणि दाणे होडीतच पाडायचे. शार्लीनला हे तिच्या आजीने शिकवलं होतं. व्हर्नाने विचारलं तेव्हा ती पहिल्यांदा ‘येते’ म्हणाली.

तळ्यावर जायच्या तीन दिवस आधी व्हर्ना पेट्रोल भरायला थांबली. गल्ल्यावरची बाई म्हणाली, ‘‘काल एकजण विचारत होता, ती विचित्र अक्षरांची व्हॅन कुठून येते म्हणून. मानेवर गरुड गोंदवलेला होता.’’

गोंदणावरून व्हर्नाने ओळखलं, तो शार्लीनचा नवरा होता. माझ्या रंगाच्या व्हॅन त्या भागात पैशाला पासरी, पण देवनागरीतली एकच. व्हर्ना मला घरी न नेता थेट शेजारच्या गावात घेऊन गेली आणि वाचनालयामागे उभी केली. पोलिसांना कळवलं, तळ्याचा बेत रद्द केला आणि काकांना फोन लावला. माझी मिरवायची हौस तिथेच जिरली.

दुसऱ्या दिवशी काका हिमानीला घेऊन वाचनालयामागे आले. ‘‘रत्नाचं नाव खरवडायचं? मग डोनेशन कॅन्सल करतो ना मी,’’ काका रागाने म्हणाले.

‘‘काका, चूक माझी आहे,’’ हिमानी म्हणाली. ‘‘मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तुम्हाला हर्ट करायचं नव्हतं, म्हणून बोलले नाही.’’

व्हर्नाने वाद घातला नाही. ‘‘मिस्टर पेंढारकर,’’ ती म्हणाली, ‘‘एक बाई तीन महिन्यांनी घराबाहेर पडायला निघाली होती. आता ती पुन्हा दाराला कडी लावून बसली आहे. तुमच्या पत्नी असत्या तर त्यांनी काय केलं असतं?’’

काकांनी माझ्या पत्र्यावरच्या नावावरून हात फिरवला. मग म्हणाले, ‘‘हिमानी, हेअर ड्रायर मिळेल का कुठे?’’

अक्षरं त्यांनी दुसऱ्या कोणाला काढू दिली नाहीत. गरम वाऱ्याने एकेक सैल करायची, नखाने उचलायची. ‘रत्ना’पाशी त्यांना रडू आलं, पण हात थांबला नाही. मागे राहिलेला गोंद त्यांनी खोबरेल तेल चोळून काढला. मलाही रडू येत होतं, पण मला वायपरशिवाय सोय नाही.

रविवारी व्हर्नाने मला वेगळ्या वाटेने घरी नेलं. शार्लीन बाहेर आली, माझ्याभोवती दोनदा फिरली, दोन्ही बाजू हाताने चाचपल्या. मग मुलीला सीटवर बसवून पट्टा लावला आणि व्हर्नाला म्हणाली, ‘‘चल, दुपार झाली की वारा सुटतो.’’ त्या दिवशी त्या दोघींची होडी भरून तांदूळ निघाला.

मित्रांनो, कोणाला काही द्याल तेव्हा ते त्याला कसं हवंय हे आधी विचारा, आणि सांगायचं ते वेळेवर सांगा. माझी चाकं अजून धडधाकट आहेत, हिमानी वेळच्या वेळी तेल बदलते. मी अजून पुष्कळ धावणार आहे. माझा रंग मात्र विचारू नका. आणि कधी एखाद्या सिग्नलला तुमच्या शेजारी बायकांनी भरलेली एखादी साधी व्हॅन थांबली, तर खुशाल दुसरीकडे बघा.