न लागलेला ठसका

सभागृहातल्या शेवटच्या रांगेतले लोक खुर्च्यांवर चढून उभे होते. मंचावर पोस्टमनकाकांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला होता आणि सगळे श्वास रोखून त्यांच्या गळ्याकडे बघत होते. कंठमणी वर गेला, खाली आला. पुन्हा वर, पुन्हा खाली. पेला रिकामा झाला, आणि ठसका लागला नाही.

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की छताचे पंखे बंद पडले असते तरी कुणाला कळलं नसतं. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून ज्या माणसाला चमचाभर पाण्यानेही जीव नकोसा करणारा ठसका लागायचा, त्याने सगळ्यांदेखत पेला रिता केला होता. आणि घोटबाबांनी केलं काय, तर एक पांढरं पीस तेलात बुडवून त्यांच्या जिभेवरून आणि घशातून फिरवलं. बस्स.

घोटबाबा हे नाव लोकांनीच ठेवलेलं. बाबा उंच, पांढऱ्या कपड्यांतले, आणि आवाज असा गोड की ऐकणाऱ्याला आपण आजारी आहोत याचंही बरं वाटावं. दोन घोट पाणी प्यायचे आणि चार वाक्यं बोलायचे. झटक्याने मेंदूतली वीज जाते, ती पिसातून परत येते. पीस हलकं असतं, म्हणून आजारही हलका होतो. या न्यायाने दगड जवळ ठेवणाऱ्याची डोकेदुखी जड व्हायला हवी, पण हे कुणाच्या मनात आलं नाही. आलं असेल, तर ते मनातच राहिलं.

“डॉक्टर काय म्हणतात? कदाचित गिळता येईल,” बाबा म्हणाले. “कदाचितने कुणाचं पोट भरलंय? माझ्याकडे कदाचित नाही. माझ्याकडे नक्की आहे.”

पहिल्या रांगेत चाकांच्या खुर्चीत बाई बसल्या होत्या. त्या वस्तीतल्या शाळेत उभा जन्म शिकवून निवृत्त झालेल्या. सभागृहातल्या अर्ध्या लोकांना त्यांनी कधी ना कधी बाकावर उभं केलेलं. आता त्यांच्या नाकातून एक बारीक नळी पोटात गेली होती, आणि जेवण म्हणजे त्या नळीतून सरकणारं पातळ पांढरं काहीतरी. शरीराची डावी बाजू झटक्यात गेलेली. बोलणं जड आणि अडखळतं. डोकं मात्र पूर्वीइतकंच तिखट होतं. पण बोलणं जड झालं की लोक डोकंही जड झालं असं धरून चालतात, आणि बाईंना या गोष्टीचा नळीपेक्षा जास्त राग यायचा.

त्यांना इथे आणलं होतं त्यांच्या मुलाने. तो काही भोळा नव्हता. पण आईला पाण्याच्या पेल्याकडे बघताना त्याने पाहिलं होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. इस्पितळात गिळण्याच्या उपचारांवर संशोधन चालू होतं, त्यात बाईंचं नाव होतं. तिथल्या ताई रोज व्यायाम करून घ्यायच्या: हनुवटी छातीशी नेऊन गिळायचं, जीभ टाळूवर जोरात दाबायची, स्प्रिंग लावलेल्या नळकांड्यात फुंकायचं. मुलाने विचारलं की ताई म्हणायच्या, बघू, सांगता येत नाही. मुलगा या ‘बघू’ला कंटाळला होता.

खरं सांगायचं तर बाईही कंटाळल्या होत्या. येऊ नये असं त्यांना वाटत होतं, पण ‘नको’ मात्र त्या म्हणाल्या नव्हत्या. पाणी, साधं पाणी, घशातून खाली जाताना कसं लागतं ते विसरायला होऊ लागलं होतं.

पोस्टमनकाका मंचावरून उतरून त्यांच्यापाशी आले. इस्पितळाच्या बाकावरची दोघांची ओळख. काकांनी व्यायाम सोडून बाबांना धरलं त्याला आता आठवडा होत आला होता, आणि आजचं पीस पहिलं नव्हतं. त्यांनी बाईंचा उजवा हात हातात घेतला आणि म्हणाले की, बाई, आता तुमची पाळी, घाबरू नका. बाईंच्या दोन गोष्टी लक्षात आल्या. काकांचा हात तव्यासारखा तापला होता. आणि त्यांचा आवाज पाण्याच्या हौदात तोंड घालून बोलावं तसा बुडबुडत येत होता.

विचार करायला वेळ मिळाला नाही. खुर्ची उचलून मंचावर नेली गेली. बाबांनी पीस तेलात बुडवलं, बाईंची हनुवटी धरली आणि जिभेवरून, टाळूवरून, मागे घशापर्यंत फिरवलं. तेल कडू होतं. बाबा काहीतरी पुटपुटत राहिले, लोक हात जोडून राहिले.

आणि मग बाईंच्या तोंडात एक विचित्र गोष्ट घडू लागली.

झटक्यापासून त्यांच्या तोंडाचे दोन भाग झाले होते. उजवा गाल, उजवी जीभ जागी होती. तिथे गरम-थंड, दात, बोट, सगळं कळायचं. डाव्या बाजूला ओला कापूस भरल्यासारखं वाटायचं. जिभेच्या मधोमध जणू कुणी कुंपण घातलं होतं, आणि त्या कुंपणाची जागा बाईंना स्वतःच्या घराच्या उंबरठ्याइतकी ओळखीची होती. त्यांना वाटलं होतं, गुण आला तर डावी बाजू जागी होईल. पण डावी होती तशीच राहिली. उजवी बाजू हळूहळू झोपू लागली. कुंपण नाहीसं झालं, कारण आता दोन्हीकडे कापूसच कापूस होता.

बाबांनी पेला त्यांच्या ओठांशी आणला. पाणी स्वच्छ होतं, गार होतं. पेल्याच्या कडेवर एक थेंब थरथरत होता. समोर लोक, त्यांत मुलगा, आणि मुलाच्या डोळ्यांत एवढी आशा की बाईंना तिच्याकडे बघवेना.

बाईंनी उजव्या हाताने पेला घेतला. लोक पुढे झुकले. बाईंनी तो हात लांब करून उलटा केला. पाणी बाबांच्या पांढऱ्या पादत्राणांवर पडलं.

सभागृहात कुजबुज उठली. बाई बोलू लागल्या, पण तोंड पूर्ण बधिर असल्याने नेहमीपेक्षाही कळेना. बाबांनी दुःखी चेहरा केला आणि लोकांना सांगितलं की, आजारच बोलतोय, तो बाहेर पडायला तयार नाही. मुलगा धावत वर आला. आईचं बोलणं समजणारा सभागृहात तो एकटाच होता.

“काय म्हणतायत त्या?” कुणीतरी विचारलं.

मुलाने घसा साफ केला. “आई म्हणते, थोडं थांबू या.”

बाईंनी मान जोरात हलवली आणि तेच पुन्हा म्हटलं. मुलगा खाली बघत राहिला. बाईंनी त्याच्या शर्टाची बाही ओढली. शाळेत कविता चुकवणाऱ्या पोरांची बाही त्या अशीच ओढायच्या.

“आई म्हणते,” मुलाचा आवाज पडला, “या तेलात दाताच्या डॉक्टरांचं औषध आहे. दात काढण्याआधी हिरडीला लावतात ते. तिची चांगली बाजू बधिर झाली.”

बाबा हसले. म्हणाले की शक्ती शिरताना असंच वाटतं, यालाच झिणझिण्या म्हणतात. पुढच्या रांगेतल्या शिंप्याने मान डोलावली. हा बाबांचा कट्टर भक्त, आणि बाईंचा जुना विद्यार्थी. सकाळी दात घासताना ब्रश जरा मागे गेला की याला अशी उबळ यायची की सगळी गल्ली जागी व्हायची. त्याच्या बायकोला गजराचं घड्याळ लागायचं नाही. बाईंनी त्याच्याकडे बोट केलं आणि मुलाला काहीतरी सांगितलं.

“आई म्हणते, तू वर ये. आणि आधी चमचा घशापर्यंत घालून दाखव.”

लोक हसले. शिंपी वर आला, कारण बाईंनी बोलावलं की यायचं ही सवय अजून गेली नव्हती. चमचा आत जाताच त्याला अशी उबळ आली की बाबा दोन पावलं मागे सरले. मग मुलानेच, बाबा नको नको म्हणत असताना, पीस उचलून शिंप्याच्या घशातून फिरवलं. थोडं थांबले. पुन्हा चमचा. चमचा आत गेला, आणखी आत गेला, शिंप्याच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

शिंपी खूश झाला. जड जिभेने म्हणाला, “बघा, मलाही गुण आला.”

या वेळी बाईंनी मुलाची वाट पाहिली नाही. एकेक शब्द ओढून काढत त्या स्वतः बोलल्या, आणि सभागृह इतकं शांत झालं होतं की सगळ्यांना कळलं.

“तुला. झालं. काय. होतं?”

शिंपी विचारात पडला. त्याच्या मागोमाग बाकीचेही पडले.

मग मुलगा बोलला, आणि या वेळी भाषांतर न करता. इस्पितळातल्या क्ष-किरणांच्या खोलीत त्याने आईच्या गिळण्याचा चित्रपट पाहिला होता. घशात दोन वाटा असतात, एक पोटाची, एक फुप्फुसांची. घोट येताना फुप्फुसांची वाट मिटली पाहिजे. झटक्याने ती वेळेवर मिटत नाही, पाणी चुकीच्या वाटेला लागतं, आणि तिथला पहारेकरी ओरडतो. त्या ओरडण्याला आपण ठसका म्हणतो. “आपण सगळे समजत होतो की ठसका हाच आजार आहे. बाबांनी आजार बरा केला नाही. त्यांनी पहारेकऱ्याला झोपेचं औषध दिलं. चोर आत शिरतोय तो शिरतोच आहे, आणि घरात शांतता आहे म्हणून आपण टाळ्या वाजवतोय.”

बाईंनी पोस्टमनकाकांकडे हात केला. मुलाने काकांना विनंती केली की एकदा मोठ्याने ‘आ’ म्हणा. काका म्हणाले. आवाज बुडबुडत आला, नळाच्या तोंडाशी हवा अडकावी तसा. मुलाने त्यांच्या कपाळाला हात लावला आणि त्याचा चेहरा बदलला. ते पाणी इतके दिवस कुठे जात होतं, हे कुणाला सांगावं लागलं नाही.

“बाबा,” मुलगा म्हणाला, “हेच तेल स्वतःच्या घशाला लावा आणि आमच्यासमोर पेलाभर पाणी प्या.”

एवढा वेळ घोट घोट पाणी पीत बोलणाऱ्या माणसाला अचानक आठवलं की आज आपल्याला पाणी वर्ज्य आहे. तेवढ्यात काका खुर्चीत कलंडले, त्यांना उचलायला माणसं धावली, आणि त्या गडबडीत बाबा मागच्या दाराने गेले. पीस मंचावरच राहिलं.

काकांना न्यूमोनिया झाला होता. वाचले, पण थोडक्यात, आणि आता त्यांनाही नाकात नळी होती. तेल इस्पितळात तपासलं गेलं. बाईंच्या जिभेने जे सांगितलं होतं तेच निघालं.

नंतर एकदा क्ष-किरणांच्या खोलीत बाईंची पुन्हा तपासणी झाली. ताईंनी पांढरं घट्ट मिश्रण चमच्याने दिलं. पडद्यावर पहिला घोट नीट पोटाच्या वाटेने गेला. दुसरा थोडा भरकटला, आणि लगेच ठसका लागला, असा खणखणीत की भिंतीपलीकडचा शिपाई डोकावून गेला. मुलगा घाबरला. ताईंच्या चेहऱ्यावर मात्र हसू पसरलं. पूर्वी हा ठसका दमलेला होता, पाणी बाहेर ढकलण्याइतका जोर त्यात नव्हता. रोजच्या फुंकण्याने त्यात दम आला होता.

मुलाने विचारलं की मग आई नक्की जेवू लागेल ना. ताई म्हणाल्या की नक्की म्हणता येणार नाही. या व्यायामांनी काहींना गुण आला, काहींना नाही, आणि का नाही तेच आम्ही शोधतोय. मुलाला या वेळी राग आला नाही. ज्याला सगळं आधीच माहीत आहे तो कशाला शोधेल, असं बाई त्याला म्हणाल्या. सावकाश, पण स्पष्ट.

त्याच आठवड्यात शिंपी धापा टाकत बाईंच्या घरी आला. घोटबाबांनी पुलापलीकडे नवं सभागृह घेतलं होतं. नवं नाव, नवं पीस, तीच गर्दी. मुलगा म्हणाला की, जाऊ दे आई, आपण सांगायचं ते सांगितलं.

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने निमूट खुर्चीचे ब्रेक सोडले.

पुलापलीकडचं सभागृह भरलेलं होतं. नाकात नळी तशीच घेऊन बाई पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. मंचावर कुणाची तरी म्हातारी आई होती, तिच्या तोंडाशी पीस आलं होतं. बाबांनी बाईंना ओळखलं आणि त्यांचा हात हवेत थांबला. बाईंनी उजवा हात वर केला, वर्गात प्रश्न विचारायला मुलं करतात तसा, आणि तो खाली घेतला नाही. लोक वळून बघू लागले.

“विचारा,” बाई म्हणाल्या. बाजूला उभा असलेला मुलगा त्यांचं एकेक वाक्य मोठ्याने म्हणू लागला.

“टाळी वाजवायच्या आधी विचारा. काय लावलं. कशासाठी लावलं. काल ज्याला बरं केलं, तो आज कुठे आहे. उत्तर मिळेपर्यंत हात खाली घेऊ नका.”

मग मागून कुठूनतरी एक हात वर झाला. मग म्हाताऱ्या आईच्या शेजारी उभ्या असलेल्या तिच्या मुलीने आईच्या तोंडापुढून पीस बाजूला सारलं आणि आपलाही हात वर केला.