डोंगरसोंडेवरची वाट

त्या घरात सकाळी सर्वांत आधी वहिनी उठे. स्वयंपाकघरातला दिवा लावून ती चहाचे आधण ठेवी आणि ते उकळेपर्यंत जेवणाच्या टेबलावर रात्रभर पसरलेले नकाशे गुंडाळून भिंतीशी उभे करी. त्याशिवाय बशा मांडायला जागाच होत नसे. मग दादा येई. त्याचे चष्म्यांचे दुकान होते, आणि स्वतःचा चष्मा कुठे ठेवला हे विचारण्यापासून त्याचा दिवस सुरू होई. धाकटी बहीण सर्वांत शेवटी उगवे. ती रानात कॅमेरे लावण्याचे काम करी, म्हणून येताना चार्जरवरच्या बॅटऱ्या काढून डब्यात भरत येई.

"आमच्या घरात माणसांच्या जेवणापेक्षा कोल्ह्यांच्या येण्याजाण्याची काळजी जास्त," दादा एक गुंडाळी पायाने हळूच बाजूला सारत म्हणाला.

"पाय लावू नकोस. अख्खा उत्तर भाग आहे त्यात," वहिनी म्हणाली.

धाकटी एरवी या संभाषणात आपली भर घातल्याशिवाय राहत नसे. आज ती पावाचा तुकडा चहात बुडवून धरून बसली होती आणि तो विरघळून कपात पडला तरी तिचे लक्ष नव्हते.

"दादा, एखाद्याला चुकीच्या नंबरचा चष्मा गेला तर काय करतोस?"

"बोलावून घेतो. गिऱ्हाईक चारचौघांत चार शब्द ऐकवतं, पण निदान जिन्यावरून पडत नाही. का गं? माझी तक्रार आली की काय?"

"सहज विचारलं."

प्रादेशिक नियोजन कार्यालयात वहिनी प्रमुख होती आणि धाकटी तिच्या हाताखाली काम करी. घराचा उंबरठा ओलांडला की वहिनीची 'मॅडम' होई. सुरुवातीला दोघींनाही याचे हसू येई. आता दोघींच्याही ते अंगवळणी पडले होते.

कार्यालयातल्या मोठ्या खोलीची एक भिंत पूर्णपणे नकाशाने व्यापलेली होती. त्यात उत्तरेचे डोंगरातले जंगल आणि दक्षिणेचे पाणथळ अभयारण्य गडद हिरवे होते. वहिनी नोकरीला लागली तेव्हा या दोहोंच्या मध्ये शेते, खाणी आणि रस्ते यांचा नुसता करडा पसारा होता. जनावरांना एका जंगलातून दुसऱ्यात जाता यावे म्हणून त्या करड्यातून तिने हिरवी साखळी विणत आणली होती. बंद पडलेल्या खाणीच्या मालकाला तिने खड्ड्यांभोवती झाडी वाढू द्यायला लावले. फळबागवाल्यांच्या अंगणात बसून, त्यांची कुरकुर शेवटपर्यंत ऐकून घेऊन, भिंतींच्या जागी झुडपांची कुंपणे लावून घेतली. दफनभूमीमागची पडीक जमीन, धरणाचा काठ, कुणाचेही लक्ष नसलेला जुना रेल्वेचा भराव – जे जे सुटे होते ते तिने एकमेकांना जोडले. धाकटीला या बाईचे घरातही कौतुक होते. पण या भिंतीसमोर उभे राहिले की त्या कौतुकाला आदराचे वजन येई.

आता एकच दुवा उरला होता: हमरस्त्याखालून वाहणारा ओढा. त्या रस्त्याचे रुंदीकरण होणार होते. ओढ्यावरच्या पुलाखालून जनावरांसाठी मोकळी वाट ठेवायला रस्ते विभाग कितीतरी वर्षांच्या चर्चेनंतर राजी झाला होता. आज दुपारी अंतिम नकाशा मंजुरीसाठी नियोजन मंडळाकडे जायचा होता.

वहिनीचा या कार्यालयात एक दंडक होता: नकाशावर ओढलेली प्रत्येक रेषा मंजुरीआधी पायांनी चालून यायची. ओढ्याच्या रेषेवर धाकटीला पाठवले होते. खालून झाडीमुळे अंदाज येईना, म्हणून ती शेजारच्या डोंगराच्या सोंडेवर चढली. वर नुसता खडक होता. मात्र तिथल्या जुन्या काटेरी तारेत केसांचे पुंजके अडकलेले होते. राखी, तांबूस, काळे. तिने उरलेले कॅमेरे तिथेच बांधले. काल संध्याकाळी त्यांतली छायाचित्रे पाहिल्यापासून तिच्या जिवाला चैन नव्हते.

"मॅडम, पाच मिनिटं आहेत?" तिने दार लोटून घेतले. "वहिनी, बस जरा."

कार्यालयात 'वहिनी' ऐकताच त्या बाईने हातातले पेन खाली ठेवले.

धाकटीने छायाचित्रे पडद्यावर लावली. पिल्लांसह कोल्हीण, हरणांचा कळप, साळिंदर, रानमांजर. सारी त्या उघड्या खडकावरून रस्त्याच्या दिशेने चाललेली, आणि दुसऱ्या फेरीत रस्त्याकडून परतणारी. मग तिने ओढ्यावरची जुनी छायाचित्रे शेजारी मांडली.

"यात तोंडं कुणीकडे आहेत बघ. सोंडेवरून उतरतात, पाणी पितात आणि आल्या वाटेनेच वर जातात. काठाकाठाने पुलापर्यंत गेलेलं एकही जनावर नाही."

वहिनी पडद्याजवळ सरकली. बराच वेळ ती एकेक चित्र मागे-पुढे करत राहिली. मग खुर्चीत मागे टेकून म्हणाली, "नणंदेला शोभेल असाच मुहूर्त साधलास गं."

धाकटीचा चेहरा पडला. तिला नेमकी हीच भीती होती. "मला काय हौस आहे? रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही."

"अगं, गंमत केली. रडू नकोस, पडदा पुसायला लागेल." वहिनीने ओढ्यावरचे पहिले चित्र पुन्हा पडद्यावर आणले. "ओल्या मातीत पाऊल उमटतं, म्हणून आपण कॅमेरे ओढ्यावर लावले. कॅमेरे तिथे, म्हणून जनावरं तिथेच दिसली. खडकावर पाऊल उमटत नाही, तर वर बघायला कोण जातंय! पहिल्या वर्षी जागा मी ठरवल्या होत्या. तुम्ही सगळे माझ्या मागे चाललात."

"आज आहे ते मंजूर करून घेऊ या का? पुलाखालची वाट तरी पदरात पडेल. दुरुस्ती नंतर करता येईल."

"काँक्रीट ओतल्यावर?" वहिनी भिंतीवरच्या नकाशापाशी गेली. सोंडेची जागा तिथे फिक्या पिवळ्या रंगात होती. "हा पिवळा रंग कशाचा?"

"घरबांधणीसाठी मोकळी जमीन."

"मीच सोडली. ओढा वाचवायचा म्हणून घरबांधणीवाल्यांना सोंड देऊन टाकली. आज हा नकाशा गेला, की वर घरं आणि खाली ज्यातून कुणी जाणार नाही असं भुयार." तिने पिवळ्या जागेवर बोट टेकवले. "आणि आज अडवला, तर कदाचित दोन्ही जाईल. निवृत्तीला आलेल्या बाईचं परत किती दिवस ऐकतील?"

वहिनीने टेबलावरचा फोन उचलून रस्ते विभागाच्या इंजिनिअरला लावला.

"नमस्कार साहेब. पुलाखालच्या वाटेचा प्रस्ताव मी आज मागे घेतेय."

पलीकडचा आवाज धाकटीपर्यंत स्पष्ट पोहोचला. "अहो मॅडम, चेष्टा करताय का? त्या वाटेसाठी माझ्या डोक्यावर मिरे वाटलेत तुम्ही! वरिष्ठांना मी काय तोंड दाखवू?"

"माझं दाखवा. जागा मी चुकीची निवडली होती. वाट सोंडेवरून जाते, तिथे जनावरांना रस्त्यावरून जायला झाडीचा पूल लागेल."

"तो कोण मंजूर करणार? मी काहीच कबूल करत नाही हं."

"आज करूच नका. सोंडेवर सगळे ऋतू कॅमेरे ठेवते, मग बोलू. तोवर तेवढ्या टप्प्याचं काम थांबवा, एवढंच मागतेय."

पलीकडून मोठा सुस्कारा ऐकू आला. "चुकलो म्हणायला स्वतः फोन करणारं माणूस या खात्यात पहिल्यांदाच पाहतोय. शब्द टाकून बघतो. पुढचं माझ्या हातात नाही."

फोन ठेवून वहिनीने नकाशाची मूळ प्रत संगणकावर उघडली. ओढ्याकाठची हिरवी पट्टी तिने निवडली. तिचे बोट क्षणभर थांबले, आणि पट्टी पुसली गेली. सोंडेवरचा पिवळा रंग काढून तिथे तिने तुटक रेषा आखली. ठळक रेषा आखण्याइतका पुरावा अजून हाती नाही, हे तिने धाकटीला सांगितले आणि नकाशातही लिहिले. त्याखाली आणखी एक वाक्य टंकले: 'या टप्प्याचा आधीचा मार्ग माझ्या चुकीच्या गृहीतकावर आधारलेला होता, घरबांधणीची परवानगी तूर्त देऊ नये.' शेवटी आपले पद लिहिले.

"'माझ्या' कशाला? 'आमच्या' लिही ना," धाकटी म्हणाली.

"तुझी चूक होईल तेव्हा तू लिही."

तिने नकाशा मंडळाकडे पाठवला. मग खुर्ची भिंतीला लावून ती त्यावर चढली, आणि ओढ्यावरच्या हिरव्या कागदी पट्टीच्या टाचण्या एकेक करून काढू लागली. धाकटीने खुर्ची दोन्ही हातांनी घट्ट धरली.