मारबतीले दिलेलं

माहं तोंड वाईट आहे, हे मी कधी नाकारलं नाही. लग्न होऊन आली तेव्हा सासू म्हणे, हिच्या जिभेले हाड नाही. पण पंचवीस वर्षांत त्या जिभेनं कोणाचं वाकडं केलं नव्हतं. गेल्या पोळ्याले केलं, अन् तेही पोटच्या पोरीचं.

पोळ्याचा दुसरा दिवस होता. त्या दिवशी आमच्या मोहल्ल्यातून मारबत निघते. बांबूची अन् कागदाची दोन माणूस उंच बाई, पुढं ढोलताशे, अन् रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं ओरडून राहिलेली, रोगराई घेऊन जा गे मारबत, खोकला-खसला घेऊन जा गे मारबत. ज्याले घरात जे नको असते ते तिच्या पदरात टाकायचं. मंग तिले वस्तीबाहेर नेऊन जाळतात.

मिनल, माही एकुलती एक पोरगी, बावीस वर्षांची. नर्सिंग केलं अन् पुण्याच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. बारा दिवसांनी जाणार होती, अन् ते बारा दिवस मी मनात वाटून ठेवले होते. एक दिवस तिले पाटोडीचा रस्सा शिकवायचा, एक दिवस दोघींनी रामटेकले जायचं, एक दिवस नुसतं पंख्याखाली पडून गप्पा हाणायच्या. तिच्या बापाले, हेमराजले, मी बजावून ठेवलं होतं की इतके दिवस कोणी पाव्हणा घरात आणू नका.

मारबत आमच्यासमोर आली अन् तेवढ्यात मिनलचा फोन वाजला. बोलून झाल्यावर म्हणे, "आई, मले पाच दिवसांनीच जा लागते. लवकर बोलावलं त्याइनं."

"अन् आपलं ठरलेलं?"

"अवं आई, मी काय कायमची जाऊन राहिली का? दिवाळीले येईन ना." असं म्हणून ती मैत्रिणीले मेसेज टाकायले लागली. चेहरा नुसता फुललेला.

माहं डोकंच सरकलं. मी दोन्ही हात वर केले अन् गळा फाडून ओरडली, "या मिनलले घेऊन जा गे मारबत."

भोवतालची माणसं हसली. मिनलही हसली, म्हणे, वा आई, हे भारी होतं. हसल्या नाहीत त्या फक्त वच्छलाबाई. आमच्या शेजारीण, सत्तरी ओलांडलेल्या, सारं आयुष्य हातमागावर गेलेलं. त्यांनी माहं मनगट धरलं. "प्रेमिला, काय बोलली वं तू? नाव घेऊन दिलं की ते तिचं होते."

मी म्हटलं, मावशी, मजाक होती. त्यांनी हात सोडला अन् घरात गेल्या. मारबत जाळली तेव्हा धूर आमच्याच गल्लीत शिरला. वारा इकडचा होता म्हणून शिरला, एवढं मलेही समजते. तरी मी घरातल्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या.

तिसऱ्या दिवशी मिनलले ताप भरला. एकशे तीन. डेंग्यू निघाला, दवाखान्यात भरती करावं लागलं. रक्तातल्या पेशी रोज खाली. ती स्वतः नर्स, रिपोर्ट हातात घेई अन् गप्प होई, अन् तिच्या त्या गप्प होण्याचाच मले जास्त धाक वाटे. हेमराज म्हणे, "मोहल्ल्यात वीस जणांले डेंग्यू आहे, तू उगाच डोकं नको खाऊ." त्याचं बरोबरच होतं. पण बाकीच्या एकोणीस जणांच्या मायनं त्याइचं नाव घेतलं नव्हतं.

मी वच्छलाबाईकडं गेली. विचारलं, "मावशी, दिलेलं परत मागता येते का?"

"परत नाही येत. बदल्यात दुसरं द्या लागते."

मी तिथून उठली. सरळ तलावाजवळच्या मैदानात गेली, जिथं मारबत जाळली होती. राखेचा पावसानं चिखल झालेला, त्यात बांबूचे जळके तुकडे, अन् बाजूले दोन कुत्रे झोपलेले. भर दुपार होती. मी वाकून हळूच म्हटलं, "तिच्या वाटचं मले दे. मी तयार आहे, बाई." एक कुत्रा उठून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला. पेशी वाढायले लागल्या. डॉक्टर म्हणे, असंच असते, पाचव्या-सहाव्या दिवशी उतरतेच. म्हणो बापडे.

मिनल घरी आली. पुण्यावाल्यांनी दहा दिवस वाढवून दिले, अन् माहे गेलेले दिवस मले परत भेटले. दिवसभर ती माह्या मांडीवर डोकं ठेवून पडे. बारावीत तिले साहिल नावाचा एक पोट्टा आवडत होता, अन् तो घरी आला तेव्हा मी त्याले पेपरवाला समजून दारातूनच हाकललं होतं, हे तिनं आता सांगितलं. आम्ही इतक्या हसलो की हेमराज काय झालं म्हणून पाहायले आला. पाटोडीचा रस्सा तिनं केला, मीठ जास्त पडलं, तिघांनी मिळून सारा संपवला. खरं सांगते, इतकं सुख मले ती झाली तेव्हाही भेटलं नव्हतं.

चौथ्या दिवशी आंघोळ करताना हाताले गाठ लागली. डाव्या छातीत, काखेच्या बाजूले, बोराएवढी. दुखत नव्हती. पाणी थंड होईपर्यंत मी तशीच बसून राहिली. भीती वाटली, खोटं काहून बोलू? पण भीतीच्या मागून समाधान आलं. म्हटलं, ऐकलं बाईनं.

कोणी म्हणेल, येडी का काय, घरात नर्स बसली आहे, तिले दाखव. दाखवलं असतं तर ती गेली असती का? नोकरी सोडून माह्या उशाशी बसली असती. अन् दुसरं कारण तर कोणाले सांगण्यासारखंच नव्हतं. मी इलाज केला, बरी झाली, तर सौदा मोडला. मंग ते माह्या अंगातून निघून कोणाकडं जाईल, हे मले पक्कं माहीत होतं.

त्याच दिवशी संध्याकाळी मिनल म्हणे, "आई, ये, तुह्या पाठीले तेल लावून देते." तिचे हात दाबत दाबत काखेकडं सरकले. मी झटकन दूर झाली अन् खेकसली, "राहू दे, गुदगुल्या होतात." ती माह्याकडं पाहत राहिली. ते पाहणं पोरीचं नव्हतं, नर्सचं होतं. मी उठून कणीक मळायले गेली. राहिलेले सहा दिवस मी तिच्यापासून हातभर लांब बसली. जवळ घ्यावंसं वाटे अन् घेता येत नव्हतं. त्यासाठी मी मोरीत जाऊन जितकी रडली तितकी गाठीसाठी नाही रडली.

स्टेशनवर तिनं मिठी मारली. मी डावा हात छातीवर आडवा धरला.

"हात दुखते का आई?"

"झोपेत दबला असंल."

"दाखवून घेशील ना?"

"घेईन वं माय. जा, गाडी सुटंल."

गाडी गेली तेव्हा हेमराज डोळे पुसून राहिला होता. मी मोजत होती, पोरगी धडधाकट चढली, धडधाकट बसली.

त्याले आता साडेसहा महिने झाले. बोराची गाठ लिंबाएवढी झाली, काखेत दुसरी आली. ब्लाऊज मी सैल शिवून घेतले. हेमराजले वाटते, पोरीच्या आठवणीनं वाळून राहिली. दिवाळीले मिनल येते म्हणत होती, तर मी म्हटलं, रंगकाम काढलं आहे, येऊ नको. बारा दिवसांचे पाच झाले म्हणून भर रस्त्यात ओरडणारी मी.

काल तिचा फोन आला.

"आई, मले आता कॅन्सरच्या वार्डात टाकलं. बायका किती उशिरा येतात, काय सांगू तुले. आधी काहून नाही दाखवलं म्हणून विचारलं, तर म्हणतात, आधी पोरांचं मार्गी लागू दे म्हटलं. कोणती माय असं करते? मले इतका राग येते ना त्याइचा."

 मंग मी विचारलं, "तू बरी आहेस ना? ताप-बीप नाही ना?"

"मी एकदम ठणठणीत. अन् तू?"

"मीही," मी म्हटलं, अन् फोन डाव्या हातातून उजव्या हातात घेतला.